चिलखत पडद्यावर, बिल उधारीवर

राजा-राणीच्या किंवा जादूच्या चित्रपटात नायकाच्या अंगावर जे चिलखत चमकते ते बहुधा लोखंडाचे नसते. फायबर, रबर किंवा फोम, आत जाड कापडाचे अस्तर आणि वर धातूचा रंग. दूरचा किल्लाही कित्येकदा छोटा नमुनाच असतो. या कामाला मखमल, बकरम, टिश्यू असा माल लागतो, म्हणून आम्हा कापडवाल्यांचाही त्याच्याशी संबंध येतो.

१९६० साली प्रदर्शित झालेल्या ‘मुघल-ए-आझम’साठी के. आसिफ यांनी दिल्लीचे शिंपी, सुरतचे जरीकाम करणारे, हैदराबादचे सोनार, राजस्थानचे लोहार आणि मुकुटांसाठी आपल्या कोल्हापूरचे कारागीर कामाला लावले. चित्रपट अजरामर झाला. कारागीर मात्र बेनाम राहिले.

न्यूझीलंडमध्ये वेगळे घडले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (२००१ ते २००३) या चित्रमालिकेची शस्त्रे, चिलखते व छोटे नमुने वेलिंग्टनच्या ‘वेटा वर्कशॉप’ने बनविले. जाळीच्या चिलखतासाठी प्लास्टिकच्या नळीच्या चकत्या कापून त्या हाताने गुंफल्या. चित्रपट संपले, पण कारखान्याचे नाव झाले. आज तेथील मूर्ती जगभर विकल्या जातात आणि लोक तिकीट काढून कारखाना पाहतात.

हा धंदा नवी मुंबईत का वाढू नये? एकीकडे गोरेगावची चित्रनगरी, दुसरीकडे कर्जतचा एन. डी. स्टुडिओ, जेथे ‘जोधा अकबर’चे (२००८) भव्य सेट उभे राहिले. मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्लास्टिक, रसायन व इंजिनीअरिंगचे कारखाने आहेत. कच्चा माल आहे, हुनर आहे. कमी आहे ती कागदाची. काम तोंडी ठरते, पैसे ‘पिक्चर लागल्यावर’ मिळतील असे सांगितले जाते. कारागिराचे पैसे अडकले की आमची उधारीही अडकते.

वास्तविक कायदा कारागिराच्या बाजूने आहे. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हे संरक्षण माल बनविणाऱ्याला आहे; आमच्यासारख्या केवळ विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे. ती माल देण्यापूर्वीच करून ठेवावी.

कारागीर बंधूंना आमची विनंती अशी, की लेखी ऑर्डर व आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कामाला हात लावू नये. साचे कोणाच्या मालकीचे आणि श्रेयनामावलीत नाव येणार की नाही, हेही आधीच लिहून घ्यावे. व्यापारी बंधूंनीही अशा कामाला उधार कापड देताना त्या ऑर्डरची प्रत मागावी. दोघांचेही भले त्यातच आहे.