लायगो औंढ्यात, बिंदुनामावली कुठे?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिच्यासाठी 2600 कोटी मंजूर केले. काम चौघांत वाटलेले आहे: पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग. चौघांच्या कामाचा मेळ घालता येतो, तर आमचा प्रश्न आहे: प्रतिनिधित्वाचा हिशोब कोण ठेवणार?

केंद्रीय शिक्षण संस्थांतील अध्यापकपदांच्या आरक्षणाचा कायदा 2019 मध्ये झाला. त्यातून ‘उत्कृष्ट’ म्हणून वगळलेल्या संस्थांच्या यादीत इंदूर आणि गांधीनगरच्या याच दोन संस्था आहेत. म्हणजे जिथे गुणवत्ता, तिथे आरक्षण नको, हे संसदेनेच लिहून दिले! कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवणाऱ्या बाबासाहेबांच्या देशात हा युक्तिवाद आम्ही मान्य करणार नाही.

चार कार्यालये असली की जबाबदारी टोलवणे सोपे जाते. म्हणून आमची मागणी एकच: कायम आणि कंत्राटी अशा सर्व पदांची प्रवर्गनिहाय माहिती प्रकल्पाने एकत्रित जाहीर करावी. मित्रांनो, चारही ठिकाणी माहिती अधिकाराचे अर्ज टाका, बिंदुनामावली मागा. आम्हाला फाटकावरचा पहारा नको, प्रयोगशाळेतला हक्क हवा.

जय भीम!