नाममुद्रा आणि वेष्टन

महाशिवरात्रीच्या पुण्यपर्वावर अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाकडे भाविकांची रीघ लागते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख जपणाऱ्या ह्या मंदिराच्या वाटेवर ध्वनिक्षेपकांतून भक्तिगीते चालू असतात. भाविक माना डोलावतात. परंतु ‘हे कोण गात आहे?’ असे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. म्हणूनच भक्तिगायकाची ओळख घडते कशी आणि हरवते कशी, ह्याचा विचार ह्या निमित्ताने करणे अगत्याचे आहे.

आपल्या संतांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला. अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ अशी नाममुद्रा येते. जनाबाईंनी तर नामदेवांचे दास्य हीच आपली मुद्रा केली. ध्वनिमुद्रण आले तेव्हाही प्रथम हाच मार्ग अनुसरला गेला. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान ह्यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी आपले नाव स्वमुखे उच्चारले.

पुढे तबकडीला चित्रमय वेष्टन लाभले. १९४० साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस ह्या तरुण चित्रकाराने साध्या पुठ्ठ्याच्या जागी रंगीत चित्राचा प्रघात पाडला, आणि आवाजाला चेहरा मिळाला. चित्राची ही शक्ती अंबरनाथकरांना सांगावयास नको. ज्या ‘विमको’ कंपनीचा कारखाना येथे होता, तिची काडेपेटी निरक्षर गिऱ्हाईकदेखील वरच्या जहाजावरून ओळखीत असे.

परंतु शक्तीबरोबर विवेक हवा. १९६७ साली जिमी हेंड्रिक्स ह्या अमेरिकी वादकाच्या ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ ह्या ध्वनिमुद्रिकेवर भगवान विष्णूंच्या विराटरूपाचे चित्र योजून त्यात त्याचा व त्याच्या दोन साथीदारांचा चेहरा बसविण्यात आला. खुद्द हेंड्रिक्सलाच ते रुचले नाही. त्याला आपल्या अमेरिकी आदिवासी वारशाचे चित्र हवे होते. १९९७ साली एरोस्मिथ ह्या वाद्यवृंदाच्या वेष्टनावर कालियामर्दन करणाऱ्या श्रीकृष्णास मांजराचे मुख दिले गेले, तेव्हा हिंदू समाजाच्या निषेधानंतर कंपनीला क्षमा मागून चित्र बदलावे लागले. देवाचे रूप उसने घेऊन कलावंताची ओळख घडत नाही, हाच ह्या दोन्ही प्रसंगांचा बोध.

मात्र परक्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. कॅसेटच्या काळी आतल्या घडीच्या कागदावर गीतकार, संगीतकार व वादक ह्यांची नावे निदान बारीक अक्षरांत तरी असत. आज गाणे भ्रमणध्वनीवर येते आणि वेष्टन नखाएवढे उरते. बदलापूरचे भजनी मंडळ असो वा झुलेलालांची भजने गाणारी उल्हासनगरची सिंधी मंडळी असो, कुठून तरी उचललेले देवाचे झगझगीत चित्र लावले की काम संपले असे मानले, तर शेकडो गाण्यांना एकच चेहरा येणार आणि गाणारा त्यात हरवून जाणार.

‘भक्तीत नाव कशाला? तो अहंकार नव्हे काय?’ असे कोणी म्हणेल. मग तुकोबारायांची मुद्रा अहंकाराची होती काय? नाव हे गर्वाचे नव्हे, उत्तरदायित्वाचे चिन्ह आहे: हे शब्द माझे, चूकही माझी. प्रल्हाद शिंदे ह्यांचा आवाज वेष्टन न पाहताही ओळखू येतो, हे खरे. पण तसा आवाज लाखांत एखाद्यास लाभतो. इतरांना आधार नावाचाच. पखवाजवाद्याचे नाव ठाऊक नसेल, तर पुढच्या सप्ताहाचे निमंत्रण त्याच्या घरी पोहोचावे कसे?

म्हणून स्थानिक मंडळांना एवढेच सुचवावेसे वाटते. वेष्टनावर आराध्यदैवत अवश्य असावे, पण ते आपल्या गावच्या देवळातील असावे. गायक, रचनाकार आणि साथीदार ह्यांची नावे ठळक असावीत. आणि चित्रात ती मावत नसतील, तर गीताच्या अखेरीस उच्चारावीत. देवाला ओळख करून द्यावी लागत नाही. ती गरज त्याच्या सेवेकऱ्यांची आहे.