फ्लेवर्ड आणि मुरवलेली रम : चव नवी, अल्कोहोल तेवढेच

उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी कापूरहोळच्या चौकातून भोर आणि भाटघरकडे वळणाऱ्या गाड्या वाढतात. फार्महाऊसवर पूर्वी ओल्ड मंक आणि थम्सअप असे. आता गोव्यात बनणाऱ्या नव्या रम, कॉफीच्या किंवा लिंबाच्या चवीच्या बाटल्या आणि मोबाइलवर पाहून केलेली कॉकटेल असतात. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले. तेव्हापासून "कमी घेतो, पण चांगली घेतो" असे अनेक जण म्हणतात. कमी घेत असाल तर उत्तमच. पण "चांगली" म्हणजे काय, हे समजून घ्या.

साखर काढल्यावर कारखान्यात जी मळी उरते, ती आंबवून आणि ऊर्ध्वपातन करून बहुतेक रम बनते. लाकडी पिंपात ती मुरली की लाकडाचा रंग आणि व्हॅनिलासारखा वास तिच्यात उतरतो. चव नक्कीच सुधारते. मात्र बाटलीत भरताना पाणी घालून तीव्रता ठरवली जाते, आणि आपल्याकडे ती बहुधा ४२.८ टक्के असते. म्हणजे बारा वर्षे मुरलेली रम यकृताला साध्या रमपेक्षा सौम्य नसते. गडद रंगावरूनही वय कळत नाही, कारण रंगासाठी कॅरॅमल घालता येते. सर्दीवर कोमट पाण्यातून रम देण्याची पद्धतही सोडा. त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो म्हणून ऊब वाटते; सर्दी बरी होत नाही, आणि सर्दीच्या गोळीबरोबर घेतली तर गुंगी वाढते.

आता ग्लासाकडे वळू. लिंबू, पुदिना, साखर आणि सोडा घातलेला मोहितो किंवा कैरीच्या पन्ह्यात घातलेली रम छान लागते, हे मी नाकारत नाही. अडचण तीच आहे. गोड-आंबट चवीत रमचा तिखटपणा लपतो आणि ग्लास सरबतासारखा संपतो. ६० मिली रममध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. ते जाळायला शरीराला साधारण दोन ते तीन तास लागतात. तुम्ही तासाभरात तीन ग्लास घेतले, तर हिशेब स्वतःच करा. बाटलीतून थेट ओतू नका, पेगच्या मापाने मोजा.

मधुमेह असेल तर दोन्ही बाजूंनी धोका आहे. ३०० मिली कोलामध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते, त्यामुळे आधी रक्तातील साखर चढते. पुढे अल्कोहोल यकृताला साखर सोडू देत नाही. तुम्ही ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेत असाल आणि जेवण लांबले असेल, तर काही तासांनी, कधी पहाटेसुद्धा, साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे पाहून घरचे म्हणतात, "चढली आहे, झोपू दे." कृपया झोपू देऊ नका. ग्लुकोमीटरने साखर तपासा. माणूस नीट गिळू शकत असेल तर साखरेचे पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

अल्कोहोलमुळे लघवी जास्त होते. उन्हात घामही जातोच. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर उभे राहताना चक्कर येऊ शकते. झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोल, यकृताचा आजार, गरोदरपण : यात एक घोटही नको. रोज पिणाऱ्याने मात्र एकाएकी बंद न करता आधी डॉक्टरांना भेटावे, कारण अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते.

पिऊन भाटघरच्या पाण्यात उतरू नका. वरंध घाटाकडे गाडी काढायची असेल तर कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ६० मिलीचा एकच ग्लास ती ओलांडू शकतो.

"मग किती चालेल?" हा प्रश्न येतोच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की आरोग्यासाठी सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. जे पीत नाहीत, त्यांनी मुरलेल्या रमच्या कौतुकापायी सुरू करायचे काही कारण नाही. जे पितात, त्यांनी जेवून, मोजून प्यावे आणि आपल्या गोळ्यांची यादी आधी डॉक्टरांना दाखवावी.