थट्टा गाडीची, प्रश्नाची नव्हे

रविवारी पहाटे साडेपाच वाजता आमच्या कॉलेजच्या फाटकासमोरील चहाच्या गाड्यापाशी कोणी परका माणूस येऊन उभा राहिला, तर इथे सात-आठ जणांचे भांडण जुंपले आहे अशीच त्याची समजूत होईल. एकजण दुसऱ्याच्या गाडीला भंगार म्हणत असतो, दुसरा पहिल्याच्या गाडीला म्हैस म्हणत असतो. अर्धे बोलणे मराठीत, अर्धे कानडीत आणि शिव्या दोन्हीत. पण पाच मिनिटांत चहा संपतो, हेल्मेटे चढतात आणि हीच मंडळी एकामागून एक चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या रस्त्याला लागतात. वाचकहो, हा आमचा मोटारसायकलवाल्यांचा कंपू. या कंपूत मी तीन वर्षे आहे. त्याच्याविषयी, आणि त्यानिमित्ताने आणखी एका गोष्टीविषयी, मला थोडे लिहायचे आहे.

आमच्यातले मुख्य वैर बुलेट आणि येझदी यांचे. एकाच्या वडिलांची जुनी बुलेट आहे. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असलेली. माझ्याकडे काकांची येझदी आहे. बुलेटची परंपरा मद्रासची, तिथे १९५५ सालापासून ती तयार होऊ लागली. येझदी मात्र आमच्या राज्यातली, म्हैसूरची. तिथल्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून आधी जावा आणि पुढे येझदी बाहेर पडली, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. अलीकडे, २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा आली. पण आमच्या कंपूत जुन्या गाडीवाल्याने नव्या गाडीवाल्याकडे जरा तिरकेच पाहायचे असा रिवाज आहे.

बुलेटवाला मला म्हणतो, "तुझ्या मागून येणाऱ्याला धुराने आंघोळ घडते की रे." मी म्हणतो, "तुझ्या गाडीखालचे ऑईल गळायचे थांबले की समज, आतले संपले." नवा कोणी आला की त्याला माझी गाडी सुरू करायला सांगायचे हाही एक ठरलेला खेळ. तो बिचारा किक शोधत गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. येझदीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो, तो आत दाबून वर फिरवला की किक होते, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याची तिसरी प्रदक्षिणा झाली की सगळे हसतात आणि मग कोणीतरी दाखवतो. आयुष्यात पुन्हा तो विसरत नाही.

ही थट्टा पोकळ नसते, हे माझे पहिले म्हणणे. हसत हसत फार मोठे शिक्षण चाललेले असते. एकाच्या चेनकडे बघून कोणी म्हणाले, "ही चेन आहे की लग्नातली माळ?" की चेन ढिली आहे हे त्याला कळते. मग चहाचा ग्लास बाजूला ठेवून दोघेजण खाली बसतात. गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवायचे, चेन जिथे सर्वात ताठ लागते तिथे मधोमध बोटाने वर-खाली करून बघायची. बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटर ढील हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ताठ चेन म्हणजे चांगली चेन अशी नवख्याची समजूत असते. परंतु मागे माणूस बसला आणि शॉकअॅब्सॉर्बर दबले, की पुढच्या चक्रापासून मागच्या चाकाचे अंतर वाढते व चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ असलेल्या चेनला मग जागा उरत नाही, आणि त्याचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. चेन रॉकेलने पुसावी, गाडी चालून आल्यावर चेन कोमट असताना ऑईल द्यावे, पावसाळ्यात दर दोन-तीनशे किलोमीटरला द्यावे, आणि इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नये. त्या पायी बोटे गमावलेली माणसे आहेत. हे सारे मी कुठल्या पुस्तकात वाचले नाही. त्या लग्नातल्या माळेच्या विनोदामागून ते माझ्याकडे आले.

दुसरे उदाहरण घाट उतरण्याचे. बुलेटवाला सर्वांना सांगत असे, "खालचा गिअर टाका, थ्रॉटल बंद करा, इंजिनच गाडी धरून ठेवील." सल्ला उत्तम, पण तो चार स्ट्रोकच्या गाडीला. माझी येझदी दोन स्ट्रोकची. तिच्या पेट्रोलमध्येच ऑईल मिसळलेले असते. थ्रॉटल बंद केला की पेट्रोल तुटते आणि त्याबरोबर इंजिनला मिळणारे ऑईलही तुटते, चाके मात्र इंजिनला फिरवतच असतात. लांब उतारावर असे केले तर पिस्टन पकडला जाण्याची भीती. शिवाय अशा इंजिनाचा रोधही कमीच. म्हणून काका म्हणायचे, "उतारावर अधूनमधून थ्रॉटलचा एक घोट पाज तिला." यावर कंपूत महिनाभर वाद झाला. "पाजायला ती काय लहान बाळ आहे काय?" इथपासून सुरुवात झाली आणि शेवट झाला तो उद्यमबागेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीमामांच्या दुकानात, पकडलेल्या पिस्टनवरचे उभे ओरखडे बघून. सल्ला खरा असून भागत नाही, तो कोणत्या गाडीला दिला जात आहे हेही बघावे लागते, एवढे शहाणपण त्या वादाने आम्हा सर्वांना दिले.

इथवर वाचून आपल्याला वाटेल की मी थट्टेची आरती ओवाळायला बसलो आहे. तसे असते तर हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. आम्ही आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघालो होतो. कंपूत नुकताच आलेला एक मित्र होता. त्याने जुनी घेतलेली सहा वर्षांची गाडी, पुढे डिस्क ब्रेक. स्वभावाने अबोल. चहाच्या गाड्यापाशी त्याने ब्रेकची मूठ दोन-तीनदा दाबली आणि हळूच विचारले, "ब्रेक जरा मऊ लागतोय. असा लागतो काय?"

मी लगेच म्हणालो, "मऊ? लोणी लावून ठेवलंयस काय की!" सगळे हसले. तोही हसला. कोणीतरी कानडीत आणखी एक भर घातली. पुन्हा हशा झाला आणि आम्ही निघालो. त्याच्या गाडीकडे कोणीही वाकून बघितले नाही.

हिंडलगा, शिनोळी मागे पडले, आंबोलीला पोचेपर्यंत सगळे ठीक होते. घाट उतरताना धुके होते, रस्ता ओला होता. तो घाबरून सारखा ब्रेक धरूनच उतरत होता. निम्म्या घाटात त्याच्या ब्रेकची मूठ सरळ हँडलला येऊन टेकली. डावीकडे दरी होती. त्याने गाडी उजवीकडे डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली, म्हणून तो आज आहे. समोरून त्या क्षणी वाहन येत नव्हते, यात कोणाचेच कर्तृत्व नाही. त्याच्या हंसळीचे हाड मोडले. त्या सत्राची प्रॅक्टिकल परीक्षा बुडाली.

गाडी दुरुस्त करणाऱ्याने ब्रेक ऑईलच्या डबीचे झाकण उघडून दाखवले. पिवळसर असायला हवे ते ऑईल कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते. हे ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पाणी मिसळले की ते लवकर उकळते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे असते. याचे बहुधा कधीच बदलले नव्हते. सारखा ब्रेक धरल्याने ते तापले आणि नळीत वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मुठीचा सगळा जोर वाफ दाबण्यात गेला, ब्रेकपर्यंत पोचलाच नाही. पास्कलचा नियम आम्ही अकरावीत पाठ केलेला. मी तर पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. मऊ लागणाऱ्या मुठीचा अर्थ मला सांगता यायला हवा होता. मी विनोद सांगितला.

दवाखान्यात त्याला भेटायला गेलो तेव्हा तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "मी विचारलं होतं की रे."

त्या वाक्यापुढे माझ्याजवळ काही उत्तर नव्हते, आजही नाही. पण तेव्हापासून मी आमच्या थट्टेकडे जरा निराळ्या नजरेने बघू लागलो, आणि मला दिसले की आमच्यात दोन प्रकारची थट्टा चालते. बुलेटवाला आणि मी एकमेकांना बोलतो ती बरोबरीची थट्टा. दोघांनाही आपापली गाडी माहीत आहे, दोघांनाही उत्तर देता येते. चेनची थट्टा झाली तीही चांगली, कारण तिच्यामागून दोघे पाना घेऊन खाली बसले. परंतु ज्याला माहीत नाही आणि जो ते कबूल करून विचारतो आहे, त्याला हसणे ही थट्टा नव्हे. ते दार लावून घेणे आहे. तो पुन्हा विचारत नाही. आमच्या कॉलेजातल्या दोघी-तिघी मुलीही आता गाड्या घेऊन येतात. त्या आमच्यापेक्षा कमी विचारतात. त्यांना जास्त येते म्हणून असे होत नाही. त्यांच्या प्रश्नाला आम्ही जास्त हसतो, म्हणून होते.

कोणी म्हणेल, आता या माहितीची गरजच काय? २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, २०२० च्या नियमांनंतर कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आले, गाडी कंपनीच्या सर्व्हिसला टाकली की झाले. हे खरे आहे, आणि त्याने पुष्कळ जीव वाचले असतील. पण एबीएस चाक अडकू देत नाही एवढेच. उकळलेल्या ऑईलपुढे तेही काय करणार? टायरमधली हवा, चेनची ढील, मुठीचा मऊपणा या गोष्टी निघण्यापूर्वी स्वतःच्या हातानेच बघायच्या असतात. घाटात सर्व्हिस स्टेशन नसते. तिथे फक्त मित्र असतात.

दुसरे कोणी म्हणेल, थट्टा बंद केली तर कंपूत राहील काय? मलाही तसेच वाटते. थट्टा गेली तर पहाटे साडेपाचला उठायला कोण तयार होईल? मी थट्टा बंद करा असे म्हणतच नाही. जाणत्याची करा, स्वतःची करा, गाडीची तर खुशाल करा. विचारणाऱ्याची करू नका. आणि हसू आवरलेच नाही तर हसून झाल्यावर त्याच्या गाडीपाशी वाकून बघा.

आम्ही आता एक प्रथा पाडली आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गाडीतली एक खोट आपणहून सांगायची, आणि सर्वात जुन्याने सुरुवात करायची. पहिल्या रविवारी मी माझ्या मागच्या टायरची झीज कबूल केली. बुलेटवाल्याने क्लच घसरतो हे सांगितले. आम्ही दोघांनी कबुली दिल्यावर नवखे आपोआप बोलू लागले. त्या सकाळी निघायला पाऊण तास उशीर झाला आणि आठपैकी तीन गाड्यांत काही ना काही निघाले. आमचा तो मित्रही आता पुन्हा येतो. तो सर्वांच्या ब्रेकच्या मुठी दाबून बघतो, आणि त्याला कोणी हसत नाही.

जाता जाता प्राध्यापक मंडळींना आणि माझ्या वर्गबंधूंना एक विनंती. हीच गोष्ट आपल्या वर्गातही घडते. मागच्या बाकावरून एखादा भीतभीत शंका विचारतो, कोणीतरी कुजबुजतो, वर्ग हसतो, कधी सरही हसतात. तो खाली बसतो आणि वर्षभर पुन्हा उठत नाही. तिथे हाड मोडत नाही, म्हणून नुकसान दिसत नाही, इतकेच.

आमच्या कंपूत निरोप घेताना मराठी मुले म्हणतात, "सावकाश जा." कानडी मुले म्हणतात, "सावकाश होग." क्रियापद बदलते, सावकाश तेच राहते. या अंकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांना ते सारखेच कळेल. गाडी सावकाश चालवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणी काही विचारले तर सावकाश ऐका.

— तृतीय वर्ष, बी. एस्सी.