गाडी वडिलांची, जीव मुलाचा

पोराच्या मोटारसायकलचा विमा परवडत नाही, ही तक्रार टिळकवाडीपासून अनगोळपर्यंत घरोघरी आहे. तक्रार खोटी नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला त्रयस्थ पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, ३५० सीसीच्या वर १५,११७. शिवाय १८ टक्के जीएसटी. हा दर इंजिनावर ठरतो, वयावर नव्हे. (मोठ्या गाडीचा हट्ट पुरवणारे आपणच, हेही कबूल करू.)

पण आमचे खरे भांडण दुसरेच आहे. सक्तीच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचा हप्ता आपण निमूट भरतो. तो विमा ‘मालक-चालका’चा! आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो कॉलेजातला मुलगा. तो पडला तर पॉलिसीच्या अटींप्रमाणे ते १५ लाख त्याच्यासाठी नाहीत. त्रयस्थ पक्ष म्हणावे, तर मालकाची गाडी मागून चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून टाकले आहे.

मग सक्ती कोणाच्या भल्यासाठी? त्याच हप्त्यात घरातल्या एका परवानाधारक मुलाचे किंवा मुलीचे नाव घालता आले पाहिजे, अशी आमची विमा नियामकाकडे मागणी आहे. तोवर समाजबांधवांनी अठरा पूर्ण झालेल्या, परवाना असलेल्या मुलाची गाडी त्याच्याच नावावर करावी आणि विम्याच्या कागदावरचे नावही बदलून घ्यावे.