लोकप्रियतेची खरी कसोटी

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील, साडेसहा लाखांहून कमी वस्तीचे राज्य. त्यातील जवळपास दोन तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये या राज्याने एकाच दिवशी दोन परस्परविरोधी भासणारे कौल दिले. अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांना ६० टक्क्यांहून अधिक मते मिळाली, तर गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन फिल स्कॉट यांना ७० टक्क्यांहून अधिक. तेथील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील नियुक्त राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांनी निवडलेला कारभारी असतो. व्हरमाँटमध्ये त्याला दर दोन वर्षांनी मतदारांपुढे उभे राहावे लागते. स्कॉट यांचा हा सलग पाचवा विजय ठरला.

या यशाचे मर्म पक्षनिष्ठेच्या मर्यादा ओळखण्यात आहे. २०१८ मध्ये, शिकारीची जुनी परंपरा असलेल्या या राज्यात, स्कॉट यांनी स्वपक्षीयांचा रोष पत्करून बंदुकांवरील निर्बंधांच्या कायद्यांवर स्वाक्षरी केली. २०२० मध्ये आपण बायडेन यांना मत दिल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्यामुळे ट्रम्प यांच्यावरील राग गव्हर्नरवर काढण्याचे कारण मतदारांना उरले नाही.

तथापि, ही लोकप्रियता दीर्घकाळ अपुरी होती. २०२२ मध्ये मतदारांनी स्कॉट यांना निवडून देतानाच विधिमंडळात विरोधकांच्या हाती दोन तृतीयांशांहून अधिक बळ दिले. स्कॉट यांनी नकाराधिकार वापरावा आणि विधिमंडळाने तो निष्प्रभ करावा, असा क्रमच पडला. शाळांच्या खर्चासाठी मालमत्ता करात सरासरी १४ टक्क्यांच्या जवळपास वाढ करणारे विधेयकही जून २०२४ मध्ये याच मार्गाने संमत झाले. त्याची किंमत सत्ताधारी बहुमताला नोव्हेंबरमध्ये मोजावी लागली. ३० सदस्यांच्या सिनेटमधील रिपब्लिकन ७ वरून १३ झाले आणि विरोधकांचे ते निर्णायक बळ संपले.

मात्र याबरोबरच केवळ 'नाही' म्हणण्याची सोयही संपली. २०२५ मध्ये स्कॉट यांनी शालेय निधी व प्रशासन यांच्या फेररचनेचा कायदा विधिमंडळाच्या संमतीने आणला. शंभराहून अधिक शालेय जिल्ह्यांचे एकत्रीकरण हा त्याचा गाभा आहे. विद्यार्थी घटत असताना खर्च वाढत राहतो, हा त्यामागील युक्तिवाद खोटा नाही. परंतु डोंगराळ खेड्यात शाळा ही गावाच्या अस्तित्वाची खूण असते. कमी पटसंख्येच्या शाळांवरून महाराष्ट्रात उठलेले वादळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

कर कमी हवा आणि गावातील शाळाही टिकावी, या दोन्ही अपेक्षा एकाच मतदाराच्या आहेत. त्यांतील कोणती अपुरी राहणार, हे लोकांना स्पष्टपणे सांगणे हे स्कॉट यांच्यापुढील खरे काम आहे. पाच वेळा मिळालेला विश्वास त्याच कामी खर्ची पडावयास हवा.