दोघे प्रतिवादी म्हणजे दोघे एका बाजूचे नव्हेत

दिवाणी दाव्याचं समन्स आलं की आपल्याकडे काय होतं? दोघे भाऊ एकाच गाडीवर कोर्टात जातात, एकच वकील लावतात, एकाच वकीलपत्रावर सह्या करून मोकळे होतात. दोघांची नावं प्रतिवादी म्हणून आहेत, म्हणजे दोघांची बाजू एकच, असा समज. हा समज फार महागात पडतो.

समजा, शहाद्याकडे दोघा भावांची सामाईक जमीन आहे. सौदापावतीवर दोघांच्या सह्या, पण इसाराचे पैसे घेतले मोठ्याने. व्यवहार फिस्कटला. घेणाऱ्याने इसार परत मिळावा म्हणून दोघांवर दावा ठोकला. धाकटा म्हणतो, "साहेब, पैसा दादाने घेतला, त्याच्याकडूनच घ्या." पण हुकूमनामा दोघांवर मिळून झाला, तर घेणारा ज्याच्याकडून सोपं जाईल त्याच्याकडून वसूल करणार. धाकट्याने सगळे भरले, तर दादाकडून परत कसे मिळवायचे? वेगळा दावा करून. तोही पैसे भरल्यापासून 3 वर्षांच्या आत. पुन्हा कोर्ट फी, पुन्हा वकील, पुन्हा तारखा.

त्याच दाव्यात दादाविरुद्ध मागणी का करता येत नाही? दिवाणी प्रक्रिया संहितेत 1976 च्या दुरुस्तीने प्रतिदाव्याची सोय आली, पण ती वादीविरुद्ध. फक्त सहप्रतिवादीविरुद्ध प्रतिदावा चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सांगितलं आणि 2025 मध्ये गुजरातच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं. वाटपाच्या दाव्याचं मात्र वेगळं आहे. तिथे प्रत्येक हिस्सेदार वादीसारखाच धरला जातो, प्रतिवादीही आपला हिस्सा मागू शकतो.

या नियमामागे कारण आहे, ते मान्य. प्रतिवादींच्या आपसातल्या भांडणात वादीचा दावा अडकून पडू नये. पण व्यवहार तोच, कागद तोच, साक्षीदार तेच असतील, तर दोनदा कोर्ट कशाला? अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत त्याच व्यवहारातून निघालेली मागणी सहप्रतिवादीविरुद्ध त्याच दाव्यात करता येते.

लांब कशाला, आपल्याकडेच बघा. कोंडाईबारी घाटात ट्रकचा अपघात झाला, तर भरपाईच्या अर्जात ट्रकमालक आणि विमा कंपनी दोघे सामनेवाले असतात. मालकाने पॉलिसीची अट मोडली असेल, तर अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, आधी पीडिताला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. त्या वसुलीसाठी कंपनीला वेगळा दावा करावा लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2004 मध्येच स्पष्ट केलंय. मग विमा कंपनीला मिळणारी सोय शेतकऱ्याला का नाही? व्यवहार एकच असेल तिथे तरी संहितेत दुरुस्ती करून ही वाट उघडायला हवी. आमदार-खासदारांना रस्ता, पाणी विचारतो, तसं हेही विचारायला हवं.

दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर आपलं आपण सांभाळा. भावाशी हितसंबंध वेगळे असतील तर वकील वेगळा लावा. पैसे कोणी घेतले, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हे कैफियतीत स्पष्ट लिहून घ्या. कैफियतीला समन्स मिळाल्यापासून 30 दिवस असतात, कोर्टाने वाढवले तर 90. ऐपत नाही म्हणून एकाच वकिलावर भागवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातले बहुसंख्य लोक यात बसतात.

वेगळा वकील लावला म्हणजे नातं तुटलं असं नाही. उलट पैशाचं कागदावर स्पष्ट असलं, तर नातं टिकायची शक्यता जास्त. गावात कोणाला समन्स आलं असेल, तर सही करायच्या आधी त्याला एवढं नक्की सांगा.